सात महिने नुसते चिरणे आणि सोलणे: स्वयंपाकाची आवड टिकवायची कशी?

प्रश्न

मी गेले सात महिने एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिकाऊ म्हणून काम करतो आहे. कांदे सोलणे, भाज्या धुऊन चिरणे, डबे पुसून त्यांवर तारखा लिहिणे आणि रात्री शेगड्या घासणे एवढेच काम आजवर माझ्या वाट्याला आले असून, पेटत्या शेगडीसमोर मी अजून एकदाही उभा राहिलेलो नाही. घरी मी लहानपणापासून हौसेने स्वयंपाक करत आलो आणि आपण रांधलेले चार माणसे चवीने खात आहेत हे पाहण्यात जे सुख मिळते, त्याच्याच भरवशावर हा व्यवसाय निवडला. आता मात्र सुट्टीच्या दिवशीही सुरी हातात घ्यावीशी वाटत नाही. हा पाया खरोखरच लागतो, की कोणीतरी करायलाच हवे म्हणून हे काम नवख्यांच्या गळ्यात घातले जाते? आणि लागत असेल, तर तो घालत असताना आवड शाबूत कशी ठेवायची?

पहिले उत्तर

पाया लागतोच, पण तो नेमका कशाचा पाया आहे हे तुम्हाला कोणी दाखवून दिलेले दिसत नाही, म्हणून कांद्यापासूनच सांगते.

कांद्याच्या वजनाचा सुमारे ८९ टक्के भाग पाणी असतो. जोवर हे पाणी निघून जात नाही, तोवर कढईतल्या कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच अडकून राहते, आणि ज्या रासायनिक क्रियेमुळे पदार्थाला खरपूस रंग व वास येतो, ती तर साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव मिळाले. आता तुमच्या चिरण्याकडे पाहा. फोडी लहानमोठ्या असतील तर लहान फोडींतले पाणी आधी आटते आणि मोठ्या फोडी अजून वाफेतच असताना लहान करपू लागतात. मग शेगडीसमोरचा माणूस कितीही कसलेला असला तरी त्या कढईतला कडवटपणा त्याला काढता येत नाही. पदार्थाची चव निम्मी तुमच्या फळीवर ठरते, असे मी म्हणते ते याच अर्थाने. भाजी धुतल्यावर नीट कोरडी न करता कढईत टाकली किंवा कढईत एकाच वेळी फार गर्दी केली, तरी हेच होते: ती परतली न जाता वाफवली जाते.

सुरीचेही तसेच आहे. बोथट सुरी कांद्याच्या पेशी चिरत नाही, चेंगरते; त्यामुळे डोळ्यांत पाणी आणणारा वायू अधिक सुटतो आणि फळी रसाने ओली होते. मुळाकडची बाजू न कापता कांदा उभा अर्धा करा, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. डाव्या हाताची बोटे आत मुडपून सुरीचे पाते मधल्या पेरांना टेकवून चालवा, म्हणजे प्रत्येक फोडीची जाडी नजरेऐवजी बोटे ठरवतात. हात बसला की आवाजातही फरक कळतो: धारदार पाते कांद्यातून जाताना जवळजवळ आवाज करत नाही, नुसती फळी टकटकते. माझ्या हाताला ही लय सापडायला वर्ष लागले. ज्या दिवशी ती सापडली, त्या दिवशी समोरचा ढीग संपू नये असे वाटले, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

दुसरे उत्तर

मी व्यावसायिक नाही, घरच्यांसाठी रोज स्वयंपाक करतो. पूर्वी तेल तापल्यावर एकीकडे चिरत आणि दुसरीकडे डबे शोधत असे, आणि जेवायला बसेपर्यंत इतका दमून जाई की चवीकडे लक्षच नसे. सगळे चिरून, मोजून, वाट्यांत मांडून ठेवल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, असे ठरवल्यापासून मला पहिल्यांदा पदार्थाकडे पाहायला सवड मिळाली: कांदा पारदर्शक होतानाचा गोडसर वास, फसफसणे थांबून तडतड सुरू होण्याचा क्षण. फ्रेंच स्वयंपाकघरांत या मांडणीला ‘मीज आं प्लास’ म्हणतात, म्हणजे सगळे जागच्या जागी. तुम्ही ज्याला रटाळ काम म्हणता, त्याच्यामुळेच माझी आवड परत आली.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरी एक भेद केलाच पाहिजे असे वाटते, कारण ‘पाया’ या शब्दाखाली पुष्कळ अन्यायही झाकला जातो. आधुनिक हॉटेलांतील स्वयंपाकघराची घडी ज्यांनी बसवली, त्या ओग्युस्त एस्कोफिए (१८४६–१९३५) यांनीही तेराव्या वर्षी नीस शहरात एका नातेवाइकाच्या रेस्टॉरंटात उमेदवारी केली होती, त्यामुळे खालून सुरुवात करण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र उमेदवारीत शिकवणारा लागतो. तुमच्या फोडी पाहून कोणी ‘या जाड झाल्या, त्या रश्श्यात विरघळणार नाहीत’ असे सांगते का? तुम्ही चिरलेले पुढे कोणत्या पदार्थात जाते हे तुम्हाला कळते का, आणि त्याची चव तुम्हाला दिली जाते का? सात महिन्यांत यांतले काहीच झाले नसेल, तर ती शिकवणी नसून स्वस्तातली मजुरी आहे, आणि तुमचे मन उडाले यात तुमचा दोष नाही. आधी स्पष्टपणे विचारा. विचारूनही दाराबाहेरच ठेवले, तर दुसरे स्वयंपाकघर शोधा. तुमच्या हाताला आलेले वळण तुमच्याबरोबरच येईल.

प्रश्नकर्त्याकडून

तिघांचेही मनापासून आभार. काल मी धीर करून मुख्य आचाऱ्यांना विचारले की माझा कांदा शेवटी कुठे जातो. ते थोडे चकित झाले. मग त्यांनी मला कढईजवळ बोलावले, उलथन्याने तळाचा थोडा कांदा बाजूला ओढला आणि काही न बोलता बोट दाखवले. सोनेरी कांद्यात सात-आठ काळे तुकडे होते, सगळे शिफ्ट संपत आल्यावर मी घाईत बारीक चिरलेले. आज मी अर्धा तास आधी येऊन सुरीला धार लावली. दुपारी त्यांनी कढई पुन्हा दाखवली तेव्हा काळे तुकडे दोन होते.