ढिगांवर फवारणी करूनही बंदरातील धूळ का आटोक्यात येत नाही?

प्रश्न:
आमच्या बंदरात कोळसा आणि लोहखनिज हा माल सुटा उतरवला जातो. ढिगांवर नियमित पाणी मारले जाते, तरीही वारा सुटला की कुंपणापलीकडच्या वस्तीत दारे-खिडक्यांवर काळा थर बसतो. तिथल्या लोकांचा त्रास पाहवत नाही. पाणी वाढवावे, की उपाय दुसरीकडेच शोधावा?

प्रतिसाद १:
आधी माल जिथे पडतो ती जागा पाहावी. ग्रॅब (क्रेनला लटकणारा, माल उचलणारा जबडा) हॉपरच्या (माल ओतायच्या नरसाळ्यासारख्या टाकीच्या) बराच वर असताना उघडला, तर कोसळणारा माल आपल्याबरोबर हवा खाली ओढतो आणि तीच हवा बारीक भुकटी घेऊन हॉपरच्या तोंडातून उसळते. ढिगावर कितीही पाणी मारले तरी हा लोट थांबत नाही. ग्रॅब हॉपरच्या आत उतरवूनच उघडावा, त्याच्या जबड्यांच्या झिजलेल्या कडा वेळेवर बदलाव्यात आणि एका कन्व्हेअरवरून (माल वाहणाऱ्या पट्ट्यावरून) दुसऱ्यावर माल पडतो ती जागा बंदिस्त करावी. माझ्या मते सर्वाधिक फरक इथेच पडतो. अर्थात सिमेंट किंवा धान्य असेल तर पाणी चालत नाही, तिथे धूळ शोषून गाळणारी यंत्रणाच हवी.

प्रतिसाद २:
वरील मुद्द्याशी सहमत आहे, परंतु रस्ते विसरू नयेत. सांडलेला माल डंपरच्या चाकांखाली दळला जातो आणि प्रत्येक फेरीला पुन्हा उडतो. त्यावर नुसते पाणी शिंपडल्यास चिखल होतो, तो चाकांना लागून फाटकाबाहेर जातो आणि वाळला की पुन्हा धूळच होते. म्हणून धूळ ओढून घेणारे झाडणयंत्र आणि फाटकापाशी चाके धुण्याची सोय आवश्यक आहे. ढिगांवरून वाहणारे पाणीही गाळ बसवण्याच्या टाकीतूनच पुढे सोडावे.

प्रतिसाद ३:
कुंपणाजवळच्या धूळ मोजणाऱ्या एकाच यंत्राच्या नोंदीवरून धूळ बंदराची की बाहेरची, हे ठरत नाही. वारा येतो त्या बाजूला दुसरे यंत्र ठेवून दोन्हींतील फरक पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्या २४ तासांच्या सरासरीसाठी पीएम १० ला (१० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) ४५ आणि पीएम २.५ ला (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशा आहेत. मात्र सरासरीत तासाभराचा मोठा लोट सहज दडून जातो, म्हणून दर दहा मिनिटांच्या नोंदी जहाज उतरवण्याच्या वेळांशी ताडून पाहाव्यात. पीएम २.५ चढलेला असून पीएम १० त्या मानाने फारसा वाढलेला नसेल, तर धक्क्याला लागलेल्या जहाजांच्या इंजिनांचा धूरही तपासावा. जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा २०२० पासून ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली असली, तरी धक्क्यावर वीजजोडणी मिळाल्याशिवाय जहाजाला वीज पुरवणारी इंजिने बंद ठेवता येत नाहीत.