'लिटल चॅम्प्स' पुन्हा आणायचे, तर नेमके काय परत आणायचे?

मंद्रसप्तक (प्रश्न)

झी मराठीवरील 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' या लहान मुलांच्या गायनस्पर्धेचे २००८-०९ मधील पर्व ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पल्लवी जोशींचे सूत्रसंचालन, परीक्षक म्हणून अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि महाअंतिम फेरीपर्यंत पोहोचलेली पाच मुले: कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत. वाहिनीने २०२१ मध्ये याच पाच जणांना परीक्षकांच्या जागी बसवून स्पर्धा नव्याने सुरू केली आणि २०२३ मध्ये आणखी एक पर्व झाले. दोन्ही पर्वांत गुणी मुले होती, तरीही पहिल्या पर्वाने घराघरांत जी जागा मिळवली, ती त्यांना मिळाली असे मला वाटत नाही. ही स्पर्धा पुन्हा उभी करायची झाल्यास जुन्या पर्वातले काय जपावे आणि काय सोडून द्यावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खर्जातला सूर

माझ्या मते त्या पर्वाचे खरे बळ पाच जणांच्या गाण्याच्या पाच वेगळ्या जातकुळींत होते. आळंदीची कार्तिकी वारकरी परंपरेतली गवळण आणि भारूड घेऊन आली होती; आरवलीच्या प्रथमेशच्या गळ्यात अभंग आणि नाट्यगीत होते; पुण्याच्या आर्याला घरातच आईकडून शास्त्रीय गायनाचे संस्कार मिळाले होते; लातूरचा रोहित नव्या चालीची गाणी रंगमंचाचा पुरेपूर वापर करत गात होता; आणि अलिबागची मुग्धा वयाने इतकी लहान होती की तिला 'लिटल मॉनिटर' हे नाव पडले. त्यामुळे प्रेक्षक केवळ स्पर्धा पाहत नव्हता, तर एका आठवड्यात मराठी गाण्याचे चार-पाच प्रांत फिरून येत होता. आज चाचणीला येणारी बरीचशी मुले आधीच्या पर्वांतली गाणी ऐकून, त्यांतल्या सुरांच्या त्याच नजाकती (जागा आणि हरकती) घोटून येतात. मोठ्या शहरांत चाचण्या घेऊन या मुलांची रांग लावण्यापेक्षा निवड करणाऱ्यांनी भजनी मंडळांत, कीर्तनाच्या फडांवर, कोकणातल्या नमन-जाखडी या लोककलांच्या मंडळींत जाऊन ऐकावे. हे खर्चिक आहे, पण त्याला पर्याय नाही.

मध्यलय

वरील मत मान्य करूनही मी वादकांची बाजू मांडेन. कमलेश भडकमकर यांचे संगीत संयोजन आणि सत्यजित प्रभू, अमर ओक, नीलेश परब, अर्चिस लेले यांच्यासारखे वादक समोर बसलेले असणे, ही त्या मुलांसाठी शाळाच होती. ध्वनिमुद्रित ट्रॅक गायकासाठी थांबत नाही. जिवंत वादक मात्र मुलाचा श्वास ओळखतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तो गडबडला तर त्याला सांभाळून घेतो. मुलाची पट्टी, म्हणजे तो ज्या उंचीच्या सुरात गाणार तो सूर, ठरवण्याचे कामही असेच जपून करावे लागते. मूळ गायकाच्या पट्टीत गाण्याच्या अट्टाहासापायी कोवळे गळे ताणले जातात, आणि मुलग्यांचा आवाज फुटण्याच्या वयात तर तो ताण घातकच ठरतो. (परीक्षकांच्या 'मार्मिक' टिप्पण्या थोड्या कमी झाल्या, तरी माझी हरकत नाही.)

काठावरचा

गाण्याची चर्चा उत्तम आहे, परंतु कायद्याचा विचार आधी करावा लागेल. २००८ मध्ये जे सहज खपून गेले, ते आज चालणार नाही. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मुलाच्या मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते, आणि सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काळ त्याला कामावर ठेवता येत नाही. अनेक महिने चालणाऱ्या पर्वाला हा शेवटचा नियम अडचणीचा वाटेल. मला तो हिताचा वाटतो, कारण चित्रीकरणाच्या टप्प्यांमध्ये मुलांना शाळेत आणि गुरूंकडे परतता येईल.

मंद्रसप्तक

तिघांचेही आभार. मतदानाविषयी मात्र कोणी लिहिले नाही. ते ठेवावे का?

खर्जातला सूर

ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एसएमएसच्या कौलाने गाण्यापेक्षा गावाची आणि जिल्ह्याची अस्मिता अधिक मोजली जाते. निकालानंतर 'हिला मिळायला हवे होते, तिला नको' असा जो वाद मोठी माणसे घालतात, तो ज्या मुलाच्या हातात करंडक असतो त्याच्याच कानांवर पडतो. त्या काळी हा वाद चहाच्या टपरीवर विरून जात असे. आज तो समाजमाध्यमांवर लेखी राहतो आणि मूल मोठे झाल्यावरही वाचू शकते.

मध्यलय

मतदान काढले, तर प्रायोजकाला प्रेक्षकांच्या सहभागाचा दुसरा मार्ग द्यावा लागेल. मुलांनी पुढील भागात कोणते गाणे बसवावे, याची निवड प्रेक्षकांवर सोपवता येईल. त्यात कोणी बाद होत नाही, आणि प्रेक्षक अधिक गाणी शोधू लागतील.

काठावरचा

ही सूचना व्यवहार्य आहे, मात्र निवडलेले गाणे त्या मुलाच्या पट्टीत आणि वयाला शोभणारे आहे की नाही, याचा अंतिम निर्णय संगीत संयोजकाकडेच असावा.