रि: रि: दिवाळीला महाराज आणि आमदार, हॉलचं नक्की करा

प्रेषक: राजारामपुरीवाला (सध्या कोल्हापुरातच)

मंडळी नमस्कार,

आपल्या इंग्लंडातल्या मंडळाच्या दिवाळीबद्दल कमिटीचा मेल आत्ता वाचला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इकडं कोल्हापुरात आलोय त्यामुळं उशीर झाला. महाराजांना बोलवायचं, सोबत आमदारसाहेब, आणि तिकिटाचा खर्च त्यांचे कार्यकर्ते करणार. फुकटात मिळतंय म्हणून लगेच हो म्हणायचं काय ओ?

काल दसरा चौकातनं येताना एक फ्लेक्स बघितला. मधे महाराज, पार पायापासून डोक्यापर्यंत, आणि खाली तीन पक्षांची मंडळी हात जोडून, प्रत्येकाचं तोंड वाटीएवढं. एरवी एकमेकांचं नाव काढलं तरी ह्यांना ठसका लागतोय. आणि समोर शाहू महाराजांचा पुतळा, तो बिचारा रोज हेच बघायलाय.

पाया पडायला माझी हरकत नाही, आमची आई पण पडते. पण आमदार पाया पडतो तेव्हा बंदोबस्ताला उभा असलेला फौजदार ते बघत असतो, माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी पोरीच्या फिट्स बऱ्या व्हाव्यात म्हणून एका बाबाला सोनं विकून पैसे दिले, हा बाबा वेगळा, आपल्या महाराजांचा काही संबंध नाही. पोरगी होती तशीच. चौकीत गेल्या तर साहेब म्हणाले, मावशी घरी जावा, कालच मोठे साहेब दर्शनाला गेलते. जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, त्यासाठी दक्षता अधिकारी नेमायचा असतो. सगळं आहे की कागदावर. तो कायदा करा करा म्हणून दाभोलकर वर्षानुवर्षं मागं लागले आणि 20 ऑगस्ट 2013 ला त्यांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्यावर चार दिवसांत वटहुकूम निघाला. वाचून अजून डोकं फिरतंय.

प्रेषक: कसबा बावडा

भावा, तुझं नेहमीचंच. महाराज आले की तुला दाभोलकर आठवतात. आमच्या आजीनं माघातल्या रविवारी जोतिबाला आयुष्यभर खेटे घातले, ती काय अडाणी होती काय? आणि तू शाहू महाराजांचं नाव घेतलंस म्हणून सांगतो, 1920 ला पाटगावच्या मौनी महाराज मठावर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचा स्वतःचा धर्मगुरू, त्यांनीच नेमला. राजानं धर्मपीठाधीश नेमलेला चालतो आणि आमदारानं पाया पडलेलं चालत नाही होय? आणि एकाच धर्माला का धरता? 2014 ला दिल्लीच्या जामा मशिदीच्या इमामांनी काँग्रेसला मतं द्या म्हणून उघड सांगितलेलं, तेव्हा तुझा मेल आला नव्हता.

प्रेषक: शाहूपुरीची सून (आता लेस्टर)

भावजी, इमामांचं अगदी बरोबर, ते पण चूकच होतं. 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 4 विरुद्ध 3 असा निकाल दिलाय की धर्माच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट मार्ग आहे. तो सगळ्यांना लागू आहे, पण मानतोय कोण.

मी चंदीगडला तीन वर्षं काढलीत म्हणून डेरा सच्चा सौदाच्या बाबा राम रहीमचं सांगते. 2002 ला बाबानं अत्याचार केले असं सांगणारं डेऱ्यातल्या एका साध्वीचं निनावी पत्र फिरत होतं, ते सिरशाच्या रामचंदर छत्रपतींनी आपल्या सांजदैनिकात छापलं. त्याच ऑक्टोबरात त्यांना घराजवळ गोळ्या घातल्या, पुढच्या महिन्यात ते गेले. बलात्काराच्या गुन्ह्यात बाबा दोषी ठरला 2017 ला. मधली पंधरा वर्षं काय चाललं होतं? डेऱ्यात रांग लागायची पुढाऱ्यांची, 2007 ला पंजाबात डेऱ्याचा पाठिंबा काँग्रेसला, 2014 ला हरियाणात भाजपला. निकालादिवशी पंचकुल्यात तीसहून जास्त माणसं मेली, मतांसाठी शहर जळू दिलंत असं हायकोर्टानं सरकारला सुनावलं. आणि हरियाणाचं मतदान 5 ऑक्टोबर 2024 ला, तर तीनच दिवस आधी हा वीस दिवसांच्या पॅरोलवर बाहेर! हरियाणात जायचं नाही, प्रचार करायचा नाही अशा अटी होत्या म्हणे. अटी.

त्या साध्वीनं पत्रावर नाव का घातलं नसेल ह्याचा मला सारखा विचार येतो.

प्रेषक: राजारामपुरीवाला

वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलं. बावडेकर, तुझ्या आजीचा जोतिबा कुणाकडं मतं मागत नव्हता, गुलाल घ्यायचा आणि घरी यायचं. क्षात्रजगद्गुरूचा मुद्दा मात्र तू भारी काढलास, मला क्षणभर उत्तर सुचेना. पण तो नेमला पुरोहितांची मक्तेदारी मोडायला, वेदोक्ताचा वाद, म्हणजे राजाच्या घरी वेदमंत्रांनी विधी करायचे का नाही हा, त्याआधी वीस वर्षं चालला होता आणि राजघराण्याचे पुरोहित राजोपाध्ये, त्यांचं वतन महाराजांनी काढून घेतलेलं. इथं आमदार मक्तेदारी मोडायला जात नाही, गठ्ठा मतं मोजायला जातोय.

आज सकाळी सागरमाळला चालत गेलो होतो. 16 फेब्रुवारी 2015 ला कॉम्रेड पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घरी येत होते तेव्हा तिथंच गोळ्या झाडल्या, 20 तारखेला ते गेले. टोलविरोधी मोर्चात त्यांच्या मागं चाललोय मी, म्हातारा आमच्यापेक्षा भरभर चालायचा. आता तिथं माणसं नेहमीसारखी कुत्री फिरवतात. 2025 उजाडलं तरी खटला संपला नव्हता, जानेवारीत सहा आरोपींना जामीन झाला. जामिनाबद्दल माझी तक्रार नाही हां, निकाल न लावता कुणालाच वर्षानुवर्षं आत ठेवू नये. हे मी आपल्याला न आवडणाऱ्या माणसाबद्दल पण म्हणणार, नाहीतर मग हक्क हक्क म्हणून ओरडायचं कशाला. त्याच न्यायानं महाराजांनी पण बोलावं, खुशाल बोलावं. फक्त बाजूला आमदार नको आणि खाली बसलेल्यानं प्रश्न विचारला तर त्याला बाहेर काढायचं नाही.

आणि तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, जून 2023 ला कोल्हापुरात औरंगजेबाच्या स्टेटसवरनं राडा झाला आणि नेट बंद केलं, तेव्हा तिकडनं आपण सगळे घरच्यांना फोन लावत बसलो होतो. आईचा व्हिडिओ कॉल लागेना, मी रात्रभर जागा.

प्रेषक: कसबा बावडा

बरं बाबा. आमदार कॅन्सल, तसंही आपलं मंडळ चॅरिटी म्हणून रजिस्टर आहे, निवडणुकीच्या तोंडावर एका पक्षाचा माणूस स्टेजवर घेतला तर आपल्यालाच पत्र यायचं. महाराजांच्या ऑफिसला मी परवा विचारलं की साहेब नसले तर चालेल काय आणि शेवटी अर्धा तास प्रश्नोत्तरं ठेवली तर चालतील काय. दोन्ही ब्लू टिक आलेत, उत्तर नाही.

हॉलवाला डिपॉझिट मागायलाय शुक्रवारपर्यंत. तांबडा-पांढरा किती माणसांचा धरायचा ते तरी कळवा.