शब्दचर्चा: बग, बिघाड, खोट, गोम – नव्या आरपीजीतल्या दोषांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नवा रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) आला की पहिले काही दिवस कथेपेक्षा बगांचीच चर्चा जास्त होते. 'बग' हा शब्द मराठीत पुरता रुळला आहे, तो हटवा असं माझं म्हणणं नाही. अडतं ते वेगळ्या ठिकाणी. पात्र भिंतीतून आरपार गेलं की आपण 'त्रुटी' लिहितो, गेम बंद पडला तरी 'त्रुटी', आणि पन्नास तासांचा खेळ साठवलेली सेव्ह फाइल उघडेनाशी झाली तरी 'त्रुटी'च. वाचणाऱ्याला यातून काय कळणार? दोष, चूक, बिघाड, उणीव हे शब्दही आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. कुठला शब्द कुठे शोभेल? आणि टेस्टिंगला चाचणी म्हणावं की तपासणी?

उत्तर

'बिघाड' तर आधी बाजूला ठेवा. धड चालत होतं आणि नंतर बिनसलं, तो बिघाड. बग बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून आत असतो, त्या वाटेला कुणी गेलेलं नसतं इतकंच. घडणीतच राहून गेलेल्या अशा दोषाला मराठीत 'खोट' हा नेमका शब्द आहे.

'चूक' मी जपून वापरतो, कारण चूक म्हटलं की ती कुणाची हा प्रश्न लगेच येतो. मोठ्या आरपीजीत मात्र प्रत्येकाचं काम आपापल्या जागी बरोबर असतं आणि दोन कामं एकत्र आली की घोळ होतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन आरपीजीतला सप्टेंबर २००५चा प्रकार आठवा. हक्कार या बॉसशी, म्हणजे बलाढ्य शत्रूशी, लढताना 'करप्टेड ब्लड' नावाचा शाप लागायचा आणि जवळ उभ्या असलेल्यांनाही तो व्हायचा. हे ठरवूनच केलेलं होतं. शिकारी वर्गाच्या खेळाडूला आपलं जनावर हवं तेव्हा परत पाठवता यायचं, हेही ठरवूनच. पण शाप लागलेलं जनावर परत पाठवलं आणि मग भर शहरात बोलावलं, की शापही सोबत यायचा. कमी लेव्हलचे खेळाडू पटापट मरू लागले, शहरं ओस पडली आणि शेवटी गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डला सर्व्हर रिसेट करावे लागले. दोन्ही नियमांत वेगवेगळी चूक काढता येत नाही, दोघांच्या सांध्यात खोट होती.

आणखी एक शब्द

'गोम' कुणी कशी आठवली नाही? 'बग' म्हणजे किडा आणि दोषही. आपली गोमही तशीच, शंभर पायांची आणि आतल्या गोटातली. "खरी गोम इथे आहे" असं आपण रोज म्हणतो.

जाता जाता: हार्वर्डच्या मार्क-टू संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी पतंग (कीटक) सापडला आणि त्यावरून 'बग' शब्द आला, असं सर्रास सांगितलं जातं. पतंग खरंच सापडला होता, नोंदवहीत चिकटवलाही होता. पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या अडचणींसाठी तो वापरला आहे. मार्क-टूच्या नोंदीतही 'प्रत्यक्ष बग सापडल्याची पहिली घटना' अशा अर्थाचं वाक्य आहे. शब्द आधी प्रचारात नसता तर 'प्रत्यक्ष' लिहायची गरजच पडली नसती.

मात्र बगला सरसकट गोम म्हणू नये. गोम म्हणजे आत दडलेलं मूळ कारण. खेळाडूला दिसतो तो बग, प्रोग्रामर शोधतो ती गोम. "बग सापडला, गोम अजून सापडलेली नाही" हे वाक्य टेस्टिंगच्या कुठल्याही बैठकीत चपखल बसेल.

मूळ प्रश्नकर्ता

गोम फार आवडली. मग ग्लिच आणि क्रॅश? आणि आरपीजीत सर्वात त्रास देतो तो सॉफ्टलॉक?

उत्तर

ग्लिच ठेवा, तो क्षणभर दिसतो आणि जातो, त्यासाठी शब्द घडवत बसण्यात अर्थ नाही. क्रॅशला 'गेम बंद पडला' पुरेसं आहे. हँगला 'गोठला'.

सॉफ्टलॉकला मी 'कोंडी' म्हणेन. गेम चालू असतो, पात्र हिंडतं-फिरतं, पण पुढे जायला वाटच उरत नाही. बग कळवताना तो असा लिहावा:

"गावाच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी बोलण्याआधीच त्याला मारलं. किल्ली मिळाली, दार उघडलं. पुढे गावच्या प्रमुखाकडे गेल्यावर त्याने पुढचं काम द्यायला हवं, पण तो 'आधी पहारेकऱ्याला भेट' एवढंच म्हणत राहतो. क्वेस्ट (गेममधली कामगिरी) तिथेच अडकते. सेव्ह करून पुन्हा उघडलं तरी तेच. तीनही वेळा असंच झालं."

यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे. कुठल्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा केल्यावर होतं का. गोमही यात जवळजवळ दिसते: पहारेकऱ्याशी बोलणं झालं की एक खूण बदलते आणि प्रमुख तीच खूण पाहतो. पहारेकरी मेला तर काय, हे कुणी लिहिलेलंच नाही. यावर नुसतं 'क्वेस्टमध्ये त्रुटी आहे' लिहून पाठवलं तर समोरच्याने करायचं काय?

टेस्टिंगच्या कामातून

मी हेच काम करते, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, तपासणी आणि चाचणी वेगळ्या. यादी हातात घेऊन 'हे आहे, हे आहे' अशा खुणा करत जाणं ही तपासणी. कन्सोल म्हणजे गेम खेळायची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या गेम विक्रीला ठेवण्याआधी आपल्या नियमांप्रमाणे पाहतात, ती मुख्यतः तपासणीच. तिथून पास झालेला गेम निर्दोष असतो असा समज चुकीचा आहे, कारण तिथे प्रत्येक क्वेस्ट प्रत्येक वाटेने खेळून पाहत नाहीत. गेम कुठे मोडतो ते मुद्दाम शोधणं ही चाचणी. आरपीजीत ती कधी पुरी होत नाही. कथेत 'हो किंवा नाही' असे एकमेकांपासून सुटे वीसच निर्णय धरा, तरी १०,४८,५७६ वाटा होतात. 'बाल्डर्स गेट ३'चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं हजारो लोक अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विकलेल्या आवृत्तीत) खेळत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला तेव्हा तक्रारींचा भर तिसऱ्या अंकावर होता, आणि त्याच महिन्यातल्या पहिल्या मोठ्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, हजाराहून अधिक दुरुस्त्या होत्या. जी वाट तुडवली गेली ती साफ झाली.

दुसरी, 'बिघाड' बाजूला ठेवू नका. आमच्याकडे ज्याला रिग्रेशन म्हणतात, त्याला बिघाडाइतका अचूक शब्द नाही: कालपर्यंत चालत होतं, आज दुसरंच काही दुरुस्त करताना बिघडलं. 'स्कायरिम'चा १.२ पॅच नोव्हेंबर २०११ च्या अखेरीस आला आणि काही ड्रॅगन उलटे, पाठमोरे उडू लागले. ते सर्वांच्या लक्षात राहिलं. पण त्याच पॅचने जादूपासून मिळणारं संरक्षणही निकामी केलं होतं, आणि खेळणाऱ्याच्या दृष्टीने तो बिघाड कितीतरी गंभीर. गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही. उलटा उडणारा ड्रॅगन हा तो एक पाय.

मूळ प्रश्नकर्ता

मग "चाचणीच केलेली दिसत नाही" असं परीक्षणात लिहिणं बरोबर आहे का?

उत्तर

क्वचितच बरोबर असतं, आणि टेस्टरवर अन्याय करतं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत: बग दिसलाच नाही, दिसला पण दुरुस्त व्हायला वेळ नव्हता, किंवा दिसला आणि किरकोळ समजून ठेवून दिला. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० रोजी आला आणि जुन्या कन्सोलवरच्या अवस्थेमुळे सोनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढला. तो परतला जून २०२१ मध्ये. खेळाडूंना आलेल्या बऱ्याच अडचणी आमच्या चाचणीत दिसल्या नव्हत्या, असं गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं होतं. ते खरं मानलं तर वाक्य 'चाचणी अपुरी पडली' असं हवं. बग माहीत असून गेम विकला असेल तर मात्र 'माहीत असलेले दोष तसेच ठेवले' असं स्पष्ट लिहावं, कारण तो निर्णय टेस्टरचा नसतो.

आणि 'बग सुटला' हा प्रयोग कृपया टाळा. कोडं सुटलं तसा सुटला, की हातातून निसटला, हे कळत नाही. 'दुरुस्त झाला' किंवा 'नजरेतून निसटला' लिहा.