कडा बघा आधी

वर कुणीतरी म्हटलंय की पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाच्या मेडलवर राजाचा चेहरा आहे पण सैनिकाचं नाव कुठंच नाही, मग शोधणार कसं. अहो कडा बघा ना, पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या वॉर मेडलला नंबर, रँक, नाव, पलटण कडेवर बारीक अक्षरात असतं आणि १९१४-१५ स्टार (ताऱ्याच्या आकाराचं मेडल) असेल तर मागच्या बाजूला. तेवढ्यासाठी घासून चकाचक नका करू प्लीज, अक्षरं झिजतात. आपल्याकडे नुसत्या नावावर भागत नाही कारण एका पलटणीत त्याच नावाचे शिंदे-जाधव कितीतरी, खरा धागा सैनिकाचा नंबरच. पलटण १०३, ११० किंवा ११७ मराठा निघाली तर मेसोपोटेमिया (आताचा इराक) आधी तपासा, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या कुत गावात वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेनं तुर्कांपुढे शरणागती पत्करली तेव्हा या पलटणींची माणसं आत अडकलेली होती. सैनिक युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर फुकट शोधता येतं, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकासुद्धा मिळतो, फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाचं त्यामुळे चार प्रकारे टाकून बघा. पुढचे कागद शोधताना लक्षात ठेवा, १९२२ नंतर ११० ची ३/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन) झाली. कडेचा फोटो टाका, मिळून वाचू.