माळावरची सहा एकर सोलर कंपनीला द्यावी का? माझं मत: द्यावी

माणदेशी परळकर
माझे वडील १९७१ साली माण तालुक्यातून परळला आले आणि गिरणीत लागले. १९८२ च्या संपात नोकरी गेली. त्या दिवसांत गावची जमीन विकून टाका म्हणणारे रोज भेटायचे, पण वडिलांनी विकली नाही. ती सहा एकर आज सातबारावर माझ्या आणि दोन बहिणींच्या नावाने आहे. नुसता माळ आहे. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर कुसळं. चुलतभाऊ निम्म्या वाट्याने करतो. गेल्या साली आमच्या वाट्याला दीड पोतं आलं, तेही त्याने आठवणीने एसटीत टाकलं म्हणून.

वीज उपकेंद्र तीन किलोमीटरवर आहे. मागच्या महिन्यात एका सोलर कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. एकरी वर्षाला ५० हजार, दरवर्षी ३ टक्के वाढ, करार २९ वर्षांचा. शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतही खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख आणि ३ टक्के वाढ असाच दर आहे, म्हणजे हा आकडा हवेतला नाही. सहा एकरांचे पहिल्या वर्षी तीन लाख, २९ वर्षांत मिळून एक कोटी ३५ लाख. जमीन आपल्याच नावावर राहते. मुंबईत राहणाऱ्यांनी गावची जमीन पडून ठेवण्यापेक्षा ती अशी कामाला लावावी, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगावं.

हिशोबनीस, मुलुंड
मला पटत नाही, आणि कारण तुमच्या ३ टक्क्यांतच आहे. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच ४ टक्के आहे. म्हणजे सगळं ठरल्यासारखं झालं तरी तुमचं भाडं दरवर्षी थोडं थोडं झिजणार. २९ व्या वर्षी हातात ६ लाख ८६ हजार येतील, पण ४ टक्के महागाई धरली तर त्यांची किंमत आजच्या २ लाख २९ हजारांएवढी. महागाई ६ टक्के राहिली तर १ लाख ३४ हजार. एक कोटी ३५ लाख हा आकडा कंपनीचा माणूस मोठ्याने सांगतो, कारण तो ऐकायला मोठा वाटतो.

शिवाय हे भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. त्यावर आयकर लागतो. बाजरीच्या दीड पोत्यावर लागत नव्हता.

माणदेशी परळकर
दादा, हिशोब मान्य. पण झिजून का होईना, एक लाख ३४ हजार हे दीड पोत्यापेक्षा किती पट आहेत तेही बघा. आणि ती सहा एकर विकून बँकेत ठेव ठेवली तर व्याजात ३ टक्के वाढसुद्धा नाही, वर जमीन गेली ती गेलीच. वाढ ५ टक्के करा असं मी त्या माणसाला म्हटलं होतं. तो म्हणाला, आमचा विजेचा दर २५ वर्षं तोच राहणार, वाढ द्यायची कुठून?

वीजवाला, भांडुप (वीज कंपनीतून निवृत्त)
त्या माणसाने ते खोटं सांगितलेलं नाही. या योजनेतल्या वीजखरेदी करारात युनिटचा दर साधारण तीन रुपयांच्या आसपास ठरतो आणि २५ वर्षं बदलत नाही. पण पुढचा हिशोबही करा. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागते. माण तालुक्यासारख्या उन्हाच्या भागात एक मेगावॅट वर्षाला ढोबळ मानाने १५ लाख युनिट देतो. म्हणजे पाच एकरांवर ४५ लाखांची वीज आणि तुमचं भाडं अडीच लाख. कर्जाचे हप्ते, देखभाल हे सगळं त्यातूनच जातं, हे खरं. तरी भाड्यात थोडं वर-खाली व्हायला जागा असते. वाढ ३ टक्क्यांच्या वर न्यायची नसेल तर सुरुवातीचा आकडा वाढवून मागा. उपकेंद्र तीन किलोमीटरवर असणं हा तुमचा हुकमी पत्ता आहे. लांबची जमीन म्हणजे कंपनीला लांब वाहिनी टाकावी लागते, तो खर्च तुमच्यामुळे वाचतोय.

मी स्वतः या योजनेच्या बाजूने आहे. रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणारी माणसं मी तीस वर्षं पाहिली. साप चावून गेलेली पाहिली. गावातल्या शेतीपंपांना दिवसा वीज मिळणार असेल तर त्यासाठी कुणाची तरी जमीन लागणारच. योजनेत ग्रामपंचायतीलाही वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात. मात्र तुमच्याकडे आलेली कंपनी या योजनेतली आहे की कुठल्या कारखान्याला वीज विकणारी, हे आधी विचारा. दुसरी असेल तर मी वर लिहिलेलं दिवसा विजेचं गावाला काही मिळणार नाही.

बांधावरचा, खटाव
मी गावात राहून मुंबईच्या लोकांची जमीन कसणारा माणूस आहे, म्हणून मला बोलायचंय. तुम्ही सगळे भाड्याचं बोलताय. जो चुलतभाऊ निम्म्या वाट्याने कसतोय त्याचं एका ओळीतसुद्धा काही नाही.

तुम्हाला दीड पोतं आलं म्हणजे त्यालाही दीडच पोतं आलं, बरोबर? पण त्याला नुसतं पोतं नाही मिळत. कडबा-सरमाड मिळतं, त्यावर त्याची जनावरं उभी राहतात. दिवाळीनंतर मेंढरं बसवली तर खत मिळतं. धनगरांना पिढ्यान्‌पिढ्याची वाट मिळते. ह्या माळाला तुम्ही पडीक म्हणता, आम्ही कधी म्हटलं नाही. तारेचं कुंपण पडलं की हे सगळं एका दिवसात बंद. आमच्या शेजारच्या गावात पडलंय. कंपनीने बांधावरची झाडंही काढायला लावली, पॅनेलवर सावली पडते म्हणून. रोजगार मिळेल म्हणाले होते. मिळाला दोन राखणदारांना. पॅनेल धुवायला टँकर येतो, आणि उन्हाळ्यात आमच्या बाया हंडा घेऊन त्याच टँकरकडे बघत उभ्या असतात.

दुसरं, जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी. आमच्या बापजाद्यांनी ज्याची वाट बघितली ते पाणी आता खटाव-माणात येतंय. आज तुमच्या माळाला नसेल, दहा वर्षांनी आलं तर? तेव्हा तुम्ही २९ वर्षांच्या कराराने बांधलेले. ज्या जमिनीत डाळिंब होईल तिथं तुम्ही काचा बघत बसणार.

विजेच्या प्रकल्पाला जमीन द्यायची म्हटलं की मला विखरणचे धर्मा पाटील आठवतात. धुळे जिल्ह्यातले शेतकरी. जानेवारी २०१८ मध्ये तुमच्या मुंबईत, मंत्रालयात विष प्यायले आणि जेजे रुग्णालयात वारले.

वीजवाला, भांडुप
धर्मा पाटलांचं नाव निघालं की मलाही बोलवत नाही. पण ते संपादन होतं. जमीन कायमची गेली आणि मोबदल्याचा वाद होता. इथे मालकी जात नाही, आणि नाही म्हणायचा हक्क मालकाच्या हातात आहे. दोन्ही एका तराजूत घालू नका. टँकरचं मात्र तुमचं खरं आहे. पाण्याशिवाय, कोरड्या ब्रशने पॅनेल साफ करायची यंत्रं मिळतात. दुष्काळी तालुक्यात तीच वापरायची, अशी अट करारात टाकता येते. गावाने ती मागायला हवी.

बांधावरचा, खटाव
नाही म्हणायचा हक्क मालकाच्या हातात आहे, हे बरोबर. कसणाऱ्याच्या हातात नाही, एवढंच मी म्हणतोय.

म्हसवडची लेक, डोंबिवली
परळकर दादा, तुम्ही लिहिलंत की सातबारावर तुम्ही आणि दोन बहिणी आहात. मग "माझं ठाम मत" कसं? बहिणींना विचारलंत का? रागावू नका, पण आमच्या घरी हेच झालं. भावाने बोलणी केली, आगाऊ रक्कम घेतली आणि सहीच्या दिवशी आम्हाला फोन. मी सही केली, कारण माहेर तुटेल ही भीती. भाडं चार वर्षं भावाच्या खात्यात जातंय. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः बरोबरीचा हक्क मिळाला, पण कायदा बँक खात्यात येत नाही. प्रत्येकाच्या हिश्श्याचं भाडं ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होईल हे करारातच लिहून घ्या. पुढे तुमच्या मुलांना आणि भाच्यांना एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

माणदेशी परळकर
ताई, नाही विचारलं. मोठीला फोनवर सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. आणि कंपनीच्या माणसाने चुलतभावाचं संमतीपत्र मागितलंय, कारण पीकपाहणीत त्याचं नाव लागतं. मी ते नुसतं कागदाचं काम समजत होतो. बांधावरच्या दादांचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही.

कागद वाचणारा, गिरगाव (वकिली करतो)
मसुदा हातात आला की हे बघा. करार २९ वर्षांचाच का? महाराष्ट्रात दहा वर्षांहून जास्त आणि २९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला मालमत्तेच्या निम्म्या किमतीवर मुद्रांक शुल्क लागतं, त्याच्या पुढे गेलं की ९० टक्के किमतीवर. शुल्क कंपनी भरणार, हे स्पष्ट लिहून घ्या. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचाच, नोटरीच्या कागदावर विसंबू नका.

कंपनी बँकेकडून कर्ज घेताना तिचे भाडेपट्ट्याचे हक्क गहाण ठेवते. ते चालेल. तुमची मालकी गहाण जाता कामा नये, आणि कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर थकलेलं भाडं कोण देणार हे लिहिलेलं हवं.

सगळ्यात कच्चा मुद्दा शेवटचा असतो. २९ वर्षांनी हजारो पॅनेल आणि काँक्रीटचे पाये कोण काढणार? २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आले आहेत, पण ती जबाबदारी प्रामुख्याने पॅनेल बनवणाऱ्यावर आहे. तुमच्या रानातून पॅनेल उचलून नेण्याची हमी त्यातून मिळत नाही. त्यासाठी बँक हमी मागा. आणि बहुतेक मसुद्यांत कंपनीला कधीही सोडून जायची मुभा असते, मालकाला नसते. ते कलम शोधा.

हिशोबनीस, मुलुंड
मी अजूनही विरोधातच आहे. पण द्यायचीच असेल तर सगळी सहा एकर देऊ नका. सगळं रान अकृषिक झालं तर तुमच्या मुलांचा शेतकरी दाखला कशावर निघणार? एकदा तो हातचा गेला की या राज्यात पुन्हा शेतजमीन घेणं अवघड.

माणदेशी परळकर
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. द्यावी या मतावर मी अजून आहे, पण पूर्वी जसा होतो तसा नाही. सहाच्या ऐवजी चार एकर. उरलेली दोन, विहिरीकडची, चुलतभावाकडेच राहतील आणि त्यांचा वाटा मी घेणार नाही. चार एकरांच्या भाड्यातला काही भाग दरवर्षी त्याला द्यायचा. किती, ते त्याच्यासमोर बसून ठरवणार, फोनवर नाही. बाकीचं तीन खात्यांत.

मसुदा मराठीत पाठवा असं कंपनीच्या माणसाला आज कळवलं. शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतोय. धाकटी बहीण सोबत येतेय. वडिलांनी लावलेलं लिंबाचं झाड त्या चार एकरांच्या बांधावर आहे. ते तोडायचं नाही, त्याच्या सावलीएवढी जागा नकाशातून वगळा, अशी तिची अट आहे. ती मी कंपनीला अजून सांगितलेली नाही.