मदत हवी आहे: कुंभारकामाची सचित्र संदर्भपुस्तकं (झाकणं, तोट्या आणि उभे छेद दाखवणारी)

ओलीमाती

नमस्कार. कुंभारकामावरची चांगली सचित्र पुस्तकं सुचवाल का? चाकावर सरळ सिलिंडर आणि वाडगा जमतो. त्यापुढचं हवं आहे: झाकणाची बरणी, तोटीची किटली, कपाचे कान. भट्टी विजेची आहे, भाजणी ऑर्टन कोन ६ ची (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा शंकू, त्याच्या क्रमांकावरून भाजणी किती ते ठरतं).

व्हिडिओ भरपूर आहेत, पण चिखलाच्या हातांनी ते सारखे थांबवता येत नाहीत. शिवाय भिंत आतून किती जाड आहे ते त्यांत दिसतच नाही. म्हणून पुस्तकात तीन गोष्टी शोधतो आहे. भांड्याचा उभा छेद, हातांची जागा नीट दिसेल अशी क्रमवार चित्रं, आणि बिघडलेल्या भांड्यांचे फोटो, कारणासकट. नुसत्या देखण्या भांड्यांचे अल्बम नकोत. १९४० ते ७० च्या काळातली जुनी पुस्तकं घ्यावीत का, तेही सांगा.

बूड_ते_काठ

छेद आधी मागितलात हे फार बरं केलंत. बहुतेक पुस्तकं तिथेच कमी पडतात.

आधी पुस्तक कसं पारखायचं ते सांगतो, नावं नंतर. पुस्तक हातात आलं की पहिलं प्रकरण सोडा आणि थेट झाकणाचं पान उघडा. बरणीच्या काठाला आतून जी पायरी असते (गॅलरी), तिचा छेद काढलेला आहे का ते बघा. पायरी काठ दुभंगून खाली दाबलेली असते, वरून चिकटवलेली नसते, हे रेषेवरून कळायला हवं. झाकणाची कड पायरीवर कुठे टेकते आणि बाजूला किती फट सोडली आहे, हेही दिसायला हवं. बरणी आणि झाकण एकाच मातीचे, एकाच बैठकीत, दोन्ही ओली असताना कॅलिपरने (व्यास मोजायच्या चिमट्याने) मोजलेले, हे मजकुरात नसेल तर त्या लेखकाने झाकणं फारशी शिकवलेली नाहीत असं समजा. सुकलेल्या बरणीवर ओलं झाकण मापून बसवलं की झाकण नंतर आकसतं आणि आत पडतं.

दुसरी परीक्षा किटलीची. तोटीचं टोक किटलीच्या काठाच्या पातळीला किंवा किंचित वर असायला हवं, नाहीतर भरतानाच चहा तोटीतून सांडतो. आतल्या गाळणीची भोकं ४ ते ५ मि.मी. ची हवीत, कारण ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) बसल्यावर ती बारीक होतात. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ तोटीच्या गळ्यापेक्षा जास्त हवं, तरच धार जोरात येते. चांगल्या पुस्तकात हे सगळं एका छेदात मावतं.

आता एक गोष्ट जिच्याकडे फार कमी लोक बघतात: चित्रातलं चाक कुठल्या दिशेने फिरतंय? युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक पुस्तकांत ते घड्याळाच्या उलट फिरतं. तिथे भिंत उजव्या बाजूला, घड्याळातल्या ३ ते ५ च्या दरम्यान उचलतात, डावा हात आत आणि उजवा बाहेर. जपानी परंपरेत चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून सगळं आरशातल्यासारखं डावीकडे होतं. चित्रातली हातांची जागा तशीच उचलली आणि आपलं चाक उलट फिरत असलं, तर माती बोटांवरून सरकण्याऐवजी बोटांच्या टोकांवर धावून येते. बोट रुततं, भिंतीला पीळ पडतो. चाकावर ओढलेली तोटी भाजताना थोडी उलगडते, म्हणून तिचं टोक मुद्दाम तिरकं कापतात. तो तिरकेपणासुद्धा चाकाच्या दिशेवर ठरतो. दिशा न सांगणाऱ्या पुस्तकातलं हे चित्र निरुपयोगी आहे.

आता नावं. फ्रँक आणि जॅनेट हेमर यांचा ‘द पॉटर्स डिक्शनरी ऑफ मटेरियल्स अँड टेक्निक्स’ (पहिली आवृत्ती १९७५) हा अकारविल्हे कोश आहे, रेखाचित्रांसह. बिघाड कशाने होतो याची इतकी नेटकी मांडणी क्वचितच सापडेल. भांड्याचा आकार आणि त्याचं काम यांचा मेळ समजून घ्यायचा तर रॉबिन हॉपर यांचं ‘फंक्शनल पॉटरी’ (१९८६). क्रमवार फोटोंसाठी सुझन पीटरसन यांचं ‘द क्राफ्ट अँड आर्ट ऑफ क्ले’ (१९९२), आकाराने मोठं आहे, चाकाशेजारी उघडं ठेवता येतं. एकच घ्यायचं असेल तर हेमर घ्या.

कोन६

जुन्या पुस्तकांबद्दल माझं मत: आकार आणि हातांच्या कामासाठी जरूर घ्या, ग्लेझच्या कृतींसाठी जपून.

बर्नार्ड लीच यांचं ‘अ पॉटर्स बुक’ (१९४०) आणि डॅनिएल ऱ्होड्स यांचं ‘क्ले अँड ग्लेझेस फॉर द पॉटर’ (१९५७) ही दोन्ही मोलाचीच. पण त्यातल्या कृती तुमच्या भट्टीत जशाच्या तशा चालणार नाहीत. पहिलं कारण उष्णता. स्टोनवेअरच्या (जास्त उष्णतेला भाजलेल्या घट्ट भांड्यांच्या) बऱ्याच कृती कोन ६ पेक्षा वरच्या आहेत. कोन १० म्हणजे ढोबळमानाने १,२९० अंश सेल्सिअस, कोन ६ म्हणजे १,२२० ते १,२४०. वरच्या कोनाचं ग्लेझ कोन ६ ला पूर्ण वितळत नाही, खरबरीत आणि कोरडं राहतं. जुन्या युरोपीय पुस्तकात ‘सेगर कोन’ (जर्मन पद्धतीचे कोन) असतील तर आकडा सारखा दिसला तरी ऑर्टनशी तो तंतोतंत जुळत नाही. पुस्तकातलं तापमान बघा, आणि ते फॅरेनहाइटमध्ये आहे का तेही.

दुसरं कारण भट्टीतली हवा. १ ते २ टक्के लोह घातलेलं सेलाडॉन ग्लेझ रिडक्शनमध्ये (भट्टीत प्राणवायू कमी ठेवून केलेल्या भाजणीत) निळसर हिरवं येतं, विजेच्या भट्टीत तेच पिवळट होतं. तांब्याचं लालही साध्या विजेच्या भट्टीत हिरवं निघतं. म्हणून ग्लेझच्या फोटोखाली चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तो फोटो संदर्भ म्हणून धरू नका: कोन, ऑक्सिडेशन (भरपूर प्राणवायूत भाजणी) की रिडक्शन, कुठल्या रंगाची माती, आणि थर किती जाड. फोटोत धारेवर, जिथे ग्लेझ पातळ होऊन मातीचा रंग डोकावतो, तिथे नजर टाका. थराचा अंदाज तिथेच येतो.

तिसरं, कच्चा माल. अल्बनी स्लिप (ग्लेझसाठी वापरली जाणारी एक अमेरिकी माती) १९८० च्या दशकात बाजारातून गेली, किंगमन फेल्डस्पारही (ग्लेझ वितळवायला घालतात ते खनिज) आता मिळत नाही. अशा कृतीत दुसरा फेल्डस्पार डोळे मिटून घालू नका. दोघांचं ऑक्साइडचं विश्लेषण शेजारी ठेवा, पोटॅश, सोडा, अॅल्युमिना आणि सिलिका जुळवून घ्या, आणि आधी १०० ग्रॅमची चाचणी करा. रंगद्रव्यं बहुधा मूळ कृतीच्या १०० भागांच्या वर वेगळी धरलेली असतात, बेरीज १०४ आली म्हणून कृती चुकलेली नसते.

आणि शिशाबद्दल अगदी स्पष्ट सांगतो. कमी उष्णतेच्या जुन्या कृतींत शेंदूर (रेड लेड), व्हाइट लेड, गॅलेना हे पदार्थ येतात. त्या कृती वापरूच नका. कालवताना धूळ विषारी, आणि नंतर आंबट पदार्थात शिसं उतरतं.

ऱ्होड्स घेणार असाल तर २००० ची आवृत्ती बघा, ती हॉपर यांनी सुधारलेली आणि वाढवलेली आहे.

पानोपानी

पुस्तक शोधण्याबद्दल थोडं. ग्रंथालयात पुस्तकं लावायची ड्युई पद्धत असेल तर ७३८ हा मातीकामकलेचा क्रमांक आहे, त्यात ७३८.१ तंत्रांचा. पण तिथेच थांबू नका, ६६६ खाली सिरॅमिकचं तंत्रज्ञान असतं. कच्च्या मालावरची आणि भट्ट्यांवरची पुस्तकं बऱ्याचदा तिकडे जाऊन बसतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असेल तर एनके ३७००च्या पुढे, टीटी ९१९ ते ९२४, आणि टीपी ७८५च्या पुढे.

सूचीतल्या नोंदीत पानसंख्येच्या पुढे बघा. तिथे ‘इल.’ म्हणजे चित्रं, ‘कल. इल.’ म्हणजे रंगीत चित्रं. ‘चीफली इल.’ असेल तर जवळजवळ सगळी चित्रंच, आणि तुम्हाला नको असलेले अल्बम बहुतेक याच गटात सापडतात.

जुन्या पुस्तकाची मागणीनुसार छापलेली प्रत घेताना आतलं पान बघितल्याशिवाय घेऊ नका. स्कॅनवरून छापलेल्या फोटोंत काळा भाग एकसंध डाग होतो आणि नेमकी बोटं कुठे आहेत तेच दिसत नाही. रेखाचित्रं मात्र स्कॅनमध्ये टिकतात. ई-पुस्तक असेल तर पानाची मांडणी कायम ठेवणारं घ्या. अक्षरांबरोबर मजकूर सरकणाऱ्या प्रतीत चित्र एका पानावर आणि ओळ दुसऱ्यावर जाते.

पैसे न देता वाचायचं असेल तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि गेटी या दोघांनी आपली बरीच जुनी प्रकाशनं ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. तंत्र कमी, पण आकारांचा अभ्यास उत्तम होतो.

ओलीमाती

फार उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. हेमर आधी बघतो. पुरातत्त्वाच्या अहवालांत भांड्यांची अर्धी काळी, अर्धी मोकळी रेखाचित्रं असतात. ती छेद म्हणून वापरता येतील का? त्यावरून माप कसं घ्यायचं?

बूड_ते_काठ

नक्कीच येतील, तो तर छेदांचा खजिना आहे. मधली उभी रेष म्हणजे भांड्याचा अक्ष. एका बाजूला भिंतीचा छेद, बहुधा काळा भरलेला, आणि दुसऱ्या बाजूला भांडं बाहेरून कसं दिसतं ते. छेद डावीकडे की उजवीकडे हे अहवालागणिक बदलतं. वरची आडवी रेष म्हणजे तोंडाचा व्यास. या रेखाटनामागचा विचार समजून घ्यायचा तर अॅना शेपर्ड यांचं ‘सिरॅमिक्स फॉर द आर्किऑलॉजिस्ट’ (१९५६) बघा.

माप घेताना छापलेल्या ‘१:४’ वर विसंबू नका, कारण पीडीएफ छापताना पान लहान-मोठं होतं. चित्राखालची मोजपट्टी मोजा. ५ सें.मी. ची पट्टी कागदावर २० मि.मी. भरली, तर प्रत्येक माप अडीचपट करायचं.

मग आकसणं. चित्रातलं माप भाजलेल्या भांड्याचं आहे, चाकावर त्यापेक्षा मोठं ओढायला हवं. मातीची पट्टी करून तिच्यावर १० सें.मी. ची रेघ मारा आणि तुमच्या कोन ६ ला भाजा. रेघ ८.८ सें.मी. झाली तर आकसणं १२ टक्के. आता उंची ११ सें.मी. हवी असेल तर ११ भागिले ०.८८, म्हणजे १२.५ सें.मी. इथे बरेचजण ११ मध्ये १२ टक्के मिळवून १२.३ काढतात. ते भाजून १०.८ च होतं. वाडग्यात हा फरक खपून जातो, पण झाकण जुन्या बरणीसाठी करत असाल तर त्या दीड-दोन मिलिमीटरनी ते आत पडतं.

आणि ओढलेलं पहिलं भांडं ठेवून देऊ नका. ओलं असतानाच तारेने मधोमध उभं कापा, अर्धा भाग चित्राशेजारी धरा. बहुतेकांची माती बुडाच्या कोपऱ्यात, जिथे तळ संपून भिंत सुरू होते तिथे, जाड राहिलेली दिसते. पुढच्या भांड्यात पहिली ओढ तिथूनच, अगदी चाकाच्या पृष्ठाला टेकून सुरू करा.